शस्त्राविना युद्धकथा : ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटाविषयी प्रस्तावना

चीन आणि जपान यांच्यामध्ये १९३७ साली पेटलेल्या आणि पुढे आठ वर्षे त्या विस्तीर्ण मुलखाला होरपळून काढणाऱ्या युद्धावर जे चित्रपट निघाले, त्यांची नामावली करू गेल्यास तीत एक नाव असे येते की, ज्याची भाषा चिनी नाही, ज्याचा दिग्दर्शक चिनी नाही, ज्यातला चीन बहुतांशी मुंबईत परळच्या स्टुडिओत उभारलेला आहे, आणि तरीही ज्याला त्या नामावलीतून वगळण्याचे धाडस कोणाही साक्षेपी अभ्यासकाला होणार नाही. ते नाव म्हणजे व्ही. शांताराम यांनी ‘राजकमल कलामंदिर’ या आपल्या संस्थेतर्फे १९४६ साली पडद्यावर आणलेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट होय. सोलापूरच्या एका मराठी तरुणाने परमुलखातील जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता तेथेच देह ठेवला, ही त्यातील कथा स्थूलमानाने पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ती कथा ज्या रीतीने सांगितली गेली, त्या रीतीचा विचार मराठीत व्हावा तितका झालेला नाही. नाशिक जिल्ह्यातील देवळा या गावच्या काही चित्रपटप्रेमी मित्रांनी एकत्र बसून हा चित्रपट वारंवार पाहिला, त्यावर आपसांत वादविवाद केले, आणि त्यातून सिद्ध झालेल्या लेखांची ही पुस्तिका आता ते वाचकांपुढे ठेवीत आहेत. तिला प्रस्तावना लिहिण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपविले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी, जेथे वर्षाचे अर्धे बोलणे कांद्याच्या भावाचे आणि उरलेले पावसाचे, तेथे चीनमधील युद्धाच्या एका जुन्या चित्रपटाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. त्याला माझे उत्तर असे की, चित्रपट ही वस्तू नाशिक जिल्ह्याला परकी नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी झाला, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत काढल्यानंतर त्यांनी आपल्या कामाचा डेरा नाशिकलाच हलविला. पुढे त्यांच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचे बहुतेक चित्रपट तेथेच तयार झाले. युद्ध ही गोष्टही या जिल्ह्याला परकी नाही. देवळालीच्या छावणीतून गोऱ्या पलटणींची ये-जा दोन्ही महायुद्धांच्या काळात सतत चाललेली असे, आणि गिरणेच्या खोऱ्यातील गावोगावची मुले फौजेत नोंदली जाण्याची वहिवाट आजतागायत टिकून आहे. कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा मिळून होणाऱ्या कसमादे पट्ट्यातील कोणत्याही खेड्यात जावे, तर सीमेवर असलेल्या मुलाच्या फोनकडे कान लावून बसलेली आई एखाद्या तरी घरात भेटतेच. शांतारामांच्या या चित्रपटाचा खरा विषय रणांगण नसून हे वाट पाहणारे घर आहे, असे माझे मत आहे, आणि या प्रस्तावनेत जे काही सांगावयाचे ते मुख्यत्वेकरून एवढेच आहे.

प्रथम मूळ हकीकतीचा थोडा तपशील देणे अवश्य आहे. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मध्यम स्थितीतील, माणसांनी भरलेले घर; दोन भाऊ, पाच बहिणी. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टरीची पदवी घेऊन ते पुढील अभ्यासाच्या तयारीत होते, तेव्हा चीनची अवस्था अशी होती की, १९३७ च्या जुलैमध्ये पेकिंगजवळच्या लुकोचिआव पुलापाशी सुरू झालेल्या लढाईने वर्षअखेरीपर्यंत शांघाय आणि नानकिंग ही दोन्ही शहरे गिळंकृत केली होती, आणि जखमी सैनिकांच्या संख्येपुढे तेथील डॉक्टरांचे बळ काहीच नव्हते. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. १९३८ सालचे काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले. वर्गणीतून बावीस हजार रुपये व एक रुग्णवाहिका एवढी सामग्री जमली. आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या आगबोटीने पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. त्यांत पथकाचे प्रमुख अलाहाबादचे अटल, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, नागपूरचे चोळकर आणि सर्वांत धाकट्यांपैकी एक असे सोलापूरचे कोटणीस होते. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यरक्षणासाठी आपले डॉक्टर पाठवावे, ही घटना वसाहतींच्या इतिहासात दुर्मीळ होय. आणि ती सरकारी हुकुमाने झाली नाही, लोकांनी चार-आठ आणे टाकून जमविलेल्या वर्गणीतून झाली, हे विशेष.

चीनमध्ये असतानाच कोटणिसांना वडील वारल्याची वार्ता कळली. घरी परतण्याची मुभा असूनही ते परतले नाहीत. १९३९ च्या आरंभी पथक येनान या कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्याला पोहोचले. पुढे अटल, चोळकर व मुखर्जी एकामागून एक स्वदेशी आले, आणि कोटणीस व बसू मागे राहिले. उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, जपानी फौजांच्या पिछाडीस चाललेल्या गनिमी लढाईत, खेड्यांतील घरांना रुग्णालये करून शस्त्रक्रिया करावयाच्या, हे कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांनी घालून दिलेले काम होते. बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरात शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन वारले, आणि त्यांच्या नावाने चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ च्या जानेवारीत कोटणिसांकडे आले. चिनी भाषा शिकून ते तेथील विद्यार्थ्यांना चिनीतच वैद्यक शिकवीत. त्याच वर्षाच्या अखेरीस क्वो छिंगलान या परिचर्येच्या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला, १९४२ च्या ऑगस्टात मुलगा झाला, आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९४३ साली परत आलेल्या डॉ. बसूंच्या तोंडून ही हकीकत ऐकून ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत एक छोटे पुस्तक लिहिले, आणि त्यावरून अब्बास व वसंत साठे यांनी पटकथा सिद्ध केली. त्या पटकथेतून चित्रपट काढणे म्हणजे त्या दिवसांत केवढी अडचणीची गोष्ट होती, याची आजच्या वाचकाला कल्पना येणे कठीण आहे. युद्धामुळे कच्ची फिल्म सरकारी नियंत्रणाखाली गेलेली. परवान्यावाचून कोणाला फूटभरही मिळावयाची नाही. आणि सरकारची अपेक्षा अशी की, निर्मात्यांनी युद्धकार्याला पोषक चित्रपट काढावे. इकडे देशात १९४२ चा लढा होऊन गेलेला, काँग्रेसचे नेते तुरुंगांत डांबलेले. अशा वेळी शांतारामांनी जो विषय निवडला, त्यात शत्रू जपानी असल्यामुळे सरकारला आक्षेप घेण्यास जागा उरली नाही, आणि नायक काँग्रेसने पाठविलेला असल्यामुळे प्रेक्षकाला तो आपलाच वाटला. परक्या सरकारच्या जाबत्यातून राष्ट्रीय भावनेचा चित्रपट बाहेर काढण्याची ही तजवीज किती विचारपूर्वक केलेली होती, हे ओळखण्यास एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे की, १९४० साली सरकारने युद्धविषयक चित्रपटांसाठी जे सल्लागार मंडळ स्थापिले, त्याचे काम शांतारामांनी स्वतः काही काळ पाहिले होते आणि नंतर ते सोडूनही दिले होते. सरकारी प्रचारपटाचे अंतरंग त्यांना पुरते ठाऊक होते.

आता शैलीविषयी. शांतारामांची कारकीर्द कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडली. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी यांच्यासमवेत त्यांनी ‘प्रभात’ स्थापिली. १९४२ साली ती सोडून परळला ‘राजकमल’ची उभारणी केली, आणि ‘शकुंतला’च्या यशाने तिचा पाया भक्कम झाला. या प्रवासात त्यांच्या दिग्दर्शनाची दोन निरनिराळी अंगे प्रकट होत गेली. एक अंग भव्यतेचे, नाट्यमयतेचे, ज्याचा अव्वल दाखला म्हणजे ‘अमृतमंथन’ मधील राजगुरूच्या एका डोळ्याने सारा पडदा व्यापून टाकणारे ते दृश्य. दुसरे अंग संयमाचे, ज्याचा दाखला ‘कुंकू’मध्ये सापडतो, जेथे पार्श्वसंगीताला फाटा देऊन घरातील, रस्त्यावरील, नित्याच्या व्यवहारातील आवाजांवरच सारा भार टाकलेला आहे. पहिले अंग डोळ्यांचे आहे, दुसरे कानांचे. ‘डॉ. कोटणीस’मध्ये ही दोन्ही अंगे एकत्र नांदतात, परंतु सारख्या मानाने नव्हे. आणि माझ्या मते ज्या ज्या ठिकाणी दुसरे अंग वरचढ ठरते, त्या त्या ठिकाणी चित्रपट फार उंचीवर जातो.

युद्धपट म्हटला की सामान्यतः जे अपेक्षिले जाते, म्हणजे सैन्यांची हालचाल, तोफांचा भडिमार, शत्रूचा संहार आणि विजयाचा ध्वज, ते सारे येथे अगदी दुय्यम स्थानी आहे. युद्ध आहे, बॉम्ब पडतात, नायक एकदा जपान्यांच्या हाती सापडतो आणि त्यांच्या तावडीतून सुटतोही. परंतु कथेचा नायक कोणाचाही जीव घेण्यास आलेला नाही. त्याच्या हातात जे पाते आहे, ते देहात रुतलेले शिसे बाहेर काढणारे आहे. युद्धकथेतील शौर्याचे माप शत्रूकडील मृतांच्या संख्येने करण्याची जी जगन्मान्य रीत, ती येथे उलटी फिरविली आहे. येथे शौर्य मोजावयाचे ते वाचलेल्यांच्या संख्येने. लोकांच्या आठवणीत कोटणिसांविषयी जी गोष्ट वारंवार येते, ती एका लढाईच्या वेळी सलग बहात्तर तास विश्रांतीवाचून शस्त्रक्रिया करीत राहिल्याची. अशा गोष्टीचे चित्रीकरण करणे हे लढाईच्या चित्रीकरणाहून कितीतरी अवघड, कारण शस्त्रक्रियेत दाखविण्यासारखे काय आहे? वाकलेली मान, घामाने भिजलेले कपाळ, आणि खालून वर येणारा, हत्यार मागणारा हात. छायालेखक अवधूत यांचा कॅमेरा या चित्रपटात चेहऱ्यांच्या जवळ जाण्याचा मोह आवरीत नाही, आणि तो आवरीत नाही हेच योग्य आहे. कारण चीनचे डोंगर परळला आणता येत नाहीत, पण एका थकलेल्या माणसाचा चेहरा जसा उत्तर चीनमध्ये तसाच परळलाही.

नटवर्गात केशवराव दाते, बाबूराव पेंढारकर यांच्यासारखी कसलेली मंडळी आहेत, आणि नायकाची भूमिका स्वतः शांतारामांनी केली आहे. दिग्दर्शकाने स्वतःच नायक व्हावे की नाही, हा वादाचा प्रश्न आहे, आणि या पुस्तिकेतील एका लेखात तो पुरेशा कठोरपणे चर्चिला आहे. माझे म्हणणे एवढेच की, ज्या प्रसंगांत नायक बोलतो, त्या प्रसंगांत शांतारामांच्या अभिनयात रंगभूमीचा, थोडा सभेचाही, सूर लागतो. ज्या प्रसंगांत तो काम करतो, तेथे तो सूर आपोआप गळून पडतो. डॉ. कोटणीस हे व्याख्यानाचे नव्हे, कामाचे माणूस होते. त्यामुळे चित्रपटातील मूक कोटणीस हे बोलक्या कोटणिसांपेक्षा मूळ व्यक्तीच्या अधिक निकट आहेत, असे मला वाटते.

जयश्री यांनी केलेल्या चिंग लानच्या, म्हणजे चित्रपटातील क्वो छिंगलानच्या, भूमिकेविषयी आजचा प्रेक्षक थोडा संकोचतो, आणि ते साहजिक आहे. मराठी अभिनेत्रीने रंगभूषेच्या साहाय्याने चिनी तरुणी व्हावे, आणि चीनच्या खेड्यापाड्यांतील माणसांनी हिंदुस्थानीत बोलावे व गावे, हा त्या काळचा सार्वत्रिक संकेत होता. हॉलिवूडने पर्ल बकच्या चीनविषयक कादंबऱ्यांवर चित्रपट काढले, तेव्हा त्यांतही मुख्य भूमिका गोऱ्या नटनटींनीच केल्या. शांतारामांना त्या संकेतातून मुक्त करावे असे मी म्हणत नाही. रंगभूषेमागचा चीन हा पुष्कळ ठिकाणी चित्रांतला चीन आहे, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु हॉलिवूडच्या त्या चित्रपटांत आणि या चित्रपटात एक भेद आहे. तेथे चिनी माणूस पाहिला जातो. येथे तो नातलग होतो. चिंग लान ही कोटणिसांची पत्नी म्हणून, पर्यायाने सोलापूरच्या एका कुटुंबाची सून म्हणून, प्रेक्षकांपुढे येते, आणि १९४६ च्या मराठी-हिंदी प्रेक्षकाला सून हा शब्द उच्चारला की परकेपणाची बाब तेथेच संपते. वसंत देसाई यांचे संगीतही हेच काम करते. त्यात पौर्वात्य रंग भरण्याचा प्रयत्न आहे, पण त्याचा मूळ पिंड इथल्याच मातीचा राहिला आहे.

चित्रपटाच्या शेवटाकडे वाचकाचे लक्ष मी मुद्दाम वेधू इच्छितो, कारण या पुस्तिकेच्या जन्माचे कारणच तो शेवट आहे. कोटणीस मृत्युशय्येवर आहेत. आपण परत जाणार नाही हे त्यांना कळले आहे, आणि पत्नीने मुलासह आपल्या घरी जावे अशी त्यांची इच्छा आहे. ते तिला तो प्रवास सांगू लागतात, घर कसे दिसेल, आई कशी सामोरी येईल, हे सांगू लागतात. आणि मग पडद्यावर तो प्रवास प्रत्यक्ष घडताना दिसतो, चिंग लान मूल घेऊन त्या घराकडे येते, मात्र वाट दाखविणारा जो आवाज आपण ऐकतो तो आता या जगात नसलेल्या माणसाचा आहे. या एका रचनेत कितीतरी गोष्टी साधल्या आहेत. मृत्यूचा प्रसंग दाखवून त्यावर शोकगीत बसविण्याची चाल येथे टाळली आहे. नायकाचा देह पडद्यावरून गेला तरी त्याची उपस्थिती गेलेली नाही. आणि ज्या आईचा मुलगा परत आला नाही, तिच्या दाराशी त्याचा आवाज, त्याची पत्नी आणि त्याचे मूल एकाच वेळी येऊन उभे राहतात. ‘कुंकू’मध्ये ध्वनीवर जो विश्वास शांतारामांनी ठेवला होता, त्याचे हे परिपक्व फळ होय. आमच्या मित्रमंडळींपैकी एकाने या प्रसंगाच्या वेळी पडद्याकडे पाठ करून नुसता ध्वनी ऐकला, आणि पुन्हा एकदा आवाज बंद करून नुसते चित्र पाहिले. दोन्ही स्वतंत्रपणे अपुरी वाटतात, आणि एकत्र आली की गळा दाटतो. प्रत्यक्षातील क्वो छिंगलान चित्रपट निघाला तोवर सोलापूरला आल्या नव्हत्या. त्या पुढे आल्या, अनेकदा आल्या, आणि कोटणीस कुटुंबाने त्यांना सुनेचा मान दिला. चित्रपटाने जे कल्पिले ते काही वर्षांनी खरे झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

एका बाबतीत मात्र चित्रपटकर्त्यांशी माझा मतभेद आहे. मूळ हकीकतीत कोटणीस अपस्माराने गेले; चित्रपटात ते प्लेगच्या साथीशी झुंजताना, त्या रोगावर उपाय शोधण्याच्या प्रयत्नात, स्वतः त्या रोगाला बळी पडतात. हा बदल का केला, हे समजण्यासारखे आहे. नाट्याचा असा नियम की, मृत्यू हा कर्तव्यातून उद्भवला पाहिजे. रोगाशी लढता लढता त्याच रोगाने डॉक्टर गेला म्हणजे कथेला एक सुसूत्र आकार येतो, आणि प्रेक्षकाला बलिदानाचे कारण विचारावे लागत नाही. परंतु खऱ्या मृत्यूत जे होते ते या बदलात हरवले. झटके येत असताना, आपली प्रकृती आपल्याला साथ देणार नाही हे वैद्य या नात्याने जाणत असताना, तो माणूस विद्यार्थ्यांना शिकवीत राहिला, पाठ्यपुस्तके लिहीत राहिला. त्या मरणात नाट्याची चमक नाही, पण दिवसेंदिवस चालणारी, कोणाच्या नजरेत न भरणारी अशी एक धीराची परीक्षा आहे. ज्या दिग्दर्शकाने ‘माणूस’मध्ये एका हवालदाराच्या साध्या आयुष्यातून एवढी मोठी करुणा निर्माण केली, त्याला ही परीक्षा दाखविणे अशक्य नव्हते. तसे झाले असते, तर आज पंचाहत्तरांहून अधिक वर्षांनी पाहताना चित्रपटाचा उत्तरार्ध जो किंचित ठरीव वाटतो, तो वाटला नसता, अशी माझी खात्री आहे.

आता या चित्रपटाची तुलना खुद्द चीनमध्ये त्याच सुमारास निघालेल्या एका श्रेष्ठ चित्रपटाशी केल्यावाचून त्याचे स्थान नीट ठरावयाचे नाही. १९४७ साली शांघायमध्ये चाय छू-शेंग आणि चंग च्युन-ली या दोन दिग्दर्शकांचा, ‘वसंतातील नदी पूर्वेस वाहते’ अशा अर्थाच्या नावाचा, दोन भागांचा आणि तीन तासांहून लांबीचा चित्रपट प्रदर्शित झाला. शांघायमध्ये तो महिनोन् महिने चालला आणि लाखो लोकांनी पाहिला. चिनी चित्रपटाच्या इतिहासात त्याचे स्थान आजही अढळ आहे. विलक्षण योगायोग असा की, त्याचाही नायक युद्धाच्या आरंभी घर सोडून वैद्यकीय मदतपथकात दाखल होतो. त्याच्या मागे शांघायमध्ये वृद्ध आई, पत्नी सूफेन आणि लहान मूल. तो शत्रूच्या हातून सुटून चुंगकिंग या युद्धकाळच्या राजधानीत पोहोचतो. तेथे धनवान मंडळींच्या संगतीत हळूहळू पालटत जातो, दुसरी बायको करतो, आणि युद्ध संपल्यावर श्रीमंत होऊन शांघायला परततो, तेव्हा ज्या घरात तो पाहुणा म्हणून असतो त्याच घरात त्याची पहिली पत्नी मोलकरीण म्हणून राबत असते. ओळख पटल्यानंतर ती ह्वांगपू नदीत देह टाकते. बाय यांग या अभिनेत्रीने सूफेनची भूमिका ज्या आवरत्या हाताने केली आहे, तिला तोड नाही.

दोन्ही चित्रपट युद्ध नुकतेच संपलेले असताना निघालेले, दोन्हींचा प्रारंभ तरुण डॉक्टरांच्या किंवा मदतनिसांच्या प्रस्थानाने होणारा, दोन्हींत मागे राहिलेली आई आणि पत्नी यांचे दुःख केंद्रस्थानी. परंतु शांघायच्या दिग्दर्शकांनी जे युद्ध स्वतःच्या घरात सोसले होते, त्याची राख त्यांच्या चित्रपटात आहे. युद्धाने शत्रूपेक्षा आपल्याच माणसांना किती हीन केले, हा त्यांचा आक्रोश आहे. शांतारामांनी ते युद्ध सोसले नव्हते, म्हणून त्यांना आदर्शाची गोष्ट सांगता आली. हा भेद उणेअधिकाचा नव्हे. शांघायचा चित्रपट विजयाच्या दुसऱ्या दिवशी घरात काय उरले याचा हिशेब मांडतो. राजकमलचा चित्रपट मैत्री हे काय मोलाचे धन आहे ते सांगतो. एकाच युद्धाकडे ही दोन घरे दोन खिडक्यांतून पाहत होती, आणि दोन्ही खिडक्या उघडल्यावाचून ते युद्ध पुरते दिसत नाही. पुढे चाय छू-शेंग व चंग च्युन-ली हे दोघेही सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत बळी गेले, हे येथे नमूद केले पाहिजे; त्यांच्या चित्रपटाच्या वाट्याला जी कीर्ती आली, तिचे सुख त्यांना लाभले नाही.

कोटणिसांवरील चित्रपटाच्या वाट्यालाही कालाचे फेरे आलेच. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारत-चीन मैत्रीच्या उत्साहात त्याचे गोडवे गायले गेले. १९६२ च्या युद्धानंतर तोच चित्रपट प्रेक्षकाला अवघड वाटू लागला, आणि तो दाखविण्याचे निमित्त दीर्घकाळ कोणी काढले नाही. ज्या माणसाने चीनच्या जखमी सैनिकांना वाचविले, त्याच्या नावाला राजकारणाच्या भरती-ओहोटीने असे वर-खाली व्हावे लागले, हे मला आजही खटकते. कारण जखमेला राष्ट्रीयत्व नसते हे ज्याला उमगले होते, त्याचीच स्मृती राष्ट्रांच्या भांडणात गहाण पडली. चीनने मात्र कोटणिसांना विसरू दिले नाही. शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे, १९८२ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले, आणि त्याच वर्षी चीनमध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपटही निघाला. भारताने १९९३ साली तिकीट काढले. सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारक महापालिकेने उभे केले आहे. चिनी राष्ट्रनेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाची भेट घेत, ही वहिवाट चौ एन-लाय यांच्यापासून पुढे चालत आली.

चित्रपटाचा वारसा मात्र या स्मारकांत शोधणे मला पुरेसे वाटत नाही. तो शोधावयाचा असेल तर शांतारामांच्याच १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये शोधावा, जेथे पुन्हा एक नि:शस्त्र माणूस, यावेळी खुनाच्या कैद्यांमध्ये, बळाच्या जागी विश्वास ठेवून उभा राहतो आणि पुन्हा प्राणांनीच त्याची किंमत भरतो. त्या कथेची मूळ प्रेरणा औंध संस्थानातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या कारागृहातून आली. बर्लिनच्या महोत्सवाने तो चित्रपट गौरविला, तेव्हा जगाने जे कौतुक केले, त्याची पूर्वतयारी अकरा-बारा वर्षांपूर्वी कोटणिसांच्या शस्त्रक्रियेच्या मेजापाशी झाली होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या पुस्तिकेतील लेखांची मांडणी ज्यांनी केली, त्यांनी एक चांगले काम असे केले आहे की, चित्रपटातील प्रसंग आणि मूळ हकीकत यांची रुजवात घालून जेथे फरक आढळला तेथे तो उघडपणे नोंदविला आहे, आणि तरीही चित्रपटाविषयीचा आदर कोठे ढळू दिलेला नाही. येत्या हिवाळ्यात, कांदा लागणीची घाई ओसरली म्हणजे, हे मित्र देवळ्यात लागोपाठ दोन संध्याकाळी दोन्ही चित्रपट दाखविण्याचा बेत करीत आहेत. माझी त्यांना सूचना अशी की, शांघायचा चित्रपट आधी दाखवावा आणि कोटणिसांचा नंतर. पहिल्या संध्याकाळी युद्धाने उद्ध्वस्त केलेले घर पाहिलेला प्रेक्षक दुसऱ्या संध्याकाळी सोलापूरच्या घरात येणाऱ्या त्या सुनेकडे निराळ्या नजरेने पाहील, आणि तिला वाट दाखविणारा तो आवाज त्याला अधिक स्पष्ट ऐकू येईल.